तक्रार: निरंक

माझ्या बायकोचा दिवस तक्रारीनं उगवतो. म्हणजे उगवत होता. आम्ही वरठीला राहतो, स्टील प्लांटच्या मागच्या गल्लीत. सकाळी वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी भुकटी बसते, ती पहिली तक्रार. मग नळाची बारीक धार, मग पलंगावरचा माझा ओला टॉवेल, मग तिचा उजवा गुडघा. रुपा बोलायला लागली की मी पेपर तोंडापुढं धरायचो. बावीस वर्षं मी ‘हो ना’ एवढ्या दोन शब्दांवर संसार रेटला आणि स्वतःला फार हुशार समजलो.

माझं काम कागद तपासायचं. पामतेलाचं फळ पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या गटांना एक प्रमाणपत्र लागतं. जंगल तोडलं नाही, पाणी नासवलं नाही, राबणाऱ्याला इजा होऊ दिली नाही, असं ते सांगतं. नागपूरच्या एका एजन्सीसाठी मी वर्षातून एकदा अशा गटांचं दप्तर बघतो. शेतांचे नकाशे, फवारणीचा तक्ता, प्रशिक्षणाची हजेरी, आणि सगळ्यात शेवटी तक्रार नोंदवही. लोक म्हणतात हे नुसते कागदी घोडे आहेत. मी म्हणायचो, कागद खोटं बोलत नाही, वाचणाऱ्याला डोळे पाहिजेत. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आजही नाही.

लाखांदूर तालुक्यात दिघोरीच्या पुढं एक गाव आहे, नाव सांगत नाही. तिथल्या त्रेचाळीस घरांनी सहा वर्षांपूर्वी धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत, पाम लावला. गटाचा सचिव प्रविण, पस्तिशीचा, मोत्यासारखं अक्षर. त्याच्या तक्रार नोंदवहीत दर महिन्याला एकच शब्द असायचा, ‘निरंक’. म्हणजे तक्रार काही नाही. कुठल्याही सरकारी कचेरीत जा, हा शब्द भिंतीला टांगलेला सापडेल. मला त्यात कधी काही वाटलं नाही.

मागच्या वर्षी मी दप्तर तपासत बसलो होतो, तेव्हा सखाबाई आली. साठीची बाई, अंगात जरा ताप असावा. तिचा नवरा तुलाराम पामला तणनाशक फवारायचा. हातमोजे कागदावर वाटलेले होते, हातावर नव्हते. त्याच्या हातांची कातडी सोलून निघत होती, दोन बोटांची नखं गेली होती. रात्ररात्र तो हात पाण्याच्या बादलीत घालून बसतो, असं ती सांगत होती. सांगता सांगता ती खाली बसली. सावकाश, पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली, जशी माणसं दुखलेलं सांगतात.

प्रविणनं मला बाजूला घेतलं. नोंद झाली तर प्रमाणपत्र अडेल, कंपनीची गाडी यायची थांबेल, घड झाडाखाली सडतील, असं तो म्हणाला. एका हातासाठी त्रेचाळीस घरं कशी अडवायची? त्याचं म्हणणं मला पटलं, असं मी इतके दिवस स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे मला साडेचारची बस पकडायची होती.

मी सखाबाईला म्हटलं, लिहून घेतो बाई. वही उघडली आणि त्या महिन्याच्या रकान्यात लिहिलं, ‘निरंक’.

“काय लिहिलं जी? मले वाचून दाखवा,” ती म्हणाली.

तिला वाचता येत नव्हतं. मी वही हातात धरली आणि वाचलं. तुलाराम यांच्या दोन्ही हातांची कातडी औषधानं गेली आहे, नखं निघाली आहेत, हातमोजे मिळालेले नाहीत, तरी चौकशी होऊन उपचार व्हावेत. त्या एका शब्दावर नजर ठेवून मी हे सगळं वाचलं. आवाज जरासुद्धा अडखळला नाही. बाईनं मान डोलवली, डोळे पुसले आणि त्या शब्दाखाली अंगठा उठवला. जाताना माझ्या पाया पडली.

वर्षभर तो अंगठा माझ्या डोळ्यांपुढून हलला नाही. जेवताना, झोपताना, टीव्ही बघताना. लाज वाटायची, आणि ती कुणाला सांगायचीही लाज वाटायची. शेवटी ठरवलं की पुढच्या फेरीला पहिलं काम हेच. तिची तक्रार खरोखर लिहायची, प्रमाणपत्र अडलं तर अडू दे.

यंदा डिसेंबरात गेलो. धान कापून झालं होतं, उरलेल्या बांध्यांमध्ये करडे खुंट उभे होते. फाट्यावर भय्याजीच्या टपरीत चहा घेतला आणि पहिल्याच घोटाला थुंकला. साखरेच्या जागी मीठ. बाकड्यावर चार-पाच माणसं तोच चहा पीत होती. मी भय्याजीला म्हटलं, अरे बापा, मीठ घातलंस तू. त्यानं एक घोट घेऊन बघितला.

“हो जी,” तो म्हणाला, आणि पुढचा कप भरला.

माणसं माझ्याकडे बघत होती. रागानं नाही. एखादा परक्या भाषेत बोलला की आपण बघतो ना, तसं. मग मला जाणवलं की टपरीवर कुणीच काही बोलत नव्हतं. दरवर्षी इथं लाइन गेल्याचं, डुकरांनी धान तुडवल्याचं, रस्त्याचं, जावयाचं गाऱ्हाणं संपत नसे. मी मुद्दाम विचारलं, यंदा डुकरं कशी आहेत? खूप आहेत, असं एकजण म्हणाला. अर्धं धान खाल्लं. त्याच्या बोलण्यात पुढं काही नव्हतं.

गावात शिरताना एका ओसरीवर बाई सूप घेऊन बसली होती. शेजारी फडक्यावर तान्हं बाळ. त्याच्या पापणीवर लाल मुंग्यांची ओळ होती. डोळा सुजून बंद झालेला, दुसरा उघडा, आणि बाळ शांतपणे आढ्याकडे बघत होतं. रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही म्हणतात. मी धावत जाऊन मुंग्या झटकल्या. बाई माझ्याकडे बघून हसली आणि पाखडत राहिली.

गटाच्या खोलीत प्रविणनं दप्तर मांडून ठेवलं होतं. तो लिहीत होता. त्याच्या उजव्या तळहातात पामच्या झावळीचा काटा, बोटभर लांब, आत शिरून मागच्या बाजूनं निघाला होता. भोवतीचं मांस हिरवट झालं होतं. अक्षर मात्र तसंच, मोत्यासारखं.

“प्रविण, हाताला काय झालं?”

त्यानं हात उलटापालटा करून बघितला. “काही नाही सर. काहून?”

मी वही ओढली. मागच्या डिसेंबरपासून बारा महिने, बारा वेळा ‘निरंक’. आणि प्रत्येक शब्दाखाली एक अंगठा. एकट्या सखाबाईचा नाही. पहिल्या महिन्यात एक, दुसऱ्यात चार, मग पानभर. शेवटच्या पानावर जागा उरली नव्हती, लहान मुलांचे अंगठेही होते. मी विचारलं, तक्रार नाही तर अंगठे कशाला? प्रविणनं पानाकडे बघितलं. लोक येते आणि लावून जाते, म्हणाला. त्याला यात विचारण्यासारखं काही दिसलं नाही.

मग मी अक्षर नीट बघितलं. अंगठ्यांच्या वरचा शब्द प्रविणच्या हातचा नव्हता. र ची शेपटी खाली ओढायची माझी सवय आहे. बाराही ठिकाणी ती शेपटी होती.

मी वही काखेत मारली आणि सखाबाईचं घर गाठलं.

ती चुलीजवळ भाकरी थापत होती. तुलाराम तिच्या बाजूला बसला होता, पाटीलकीच्या थाटात, पाय पसरून. त्याचा उजवा हात चुलीच्या तोंडाशी होता. मला आधी वाटलं शेकतो आहे. मग वास आला.

मी त्याचा दंड धरून ओढला. बोटं काळी पडली होती, पण तो काळेपणा आजचा नव्हता. हात मनगटापर्यंत आधीच गेलेला होता, महिनोन्‌महिने. तुलारामनं माझ्याकडे बघून राम राम केला, त्याच हातानं.

“बाई, हे काय आहे? तुम्ही दवाखान्यात काहून नाही नेलं?” माझा आवाज चढला होता.

“कायले जी?” सखाबाई म्हणाली. “मागच्या सालीच तुमी आमची तक्रार घेऊन गेले ना. तवापासून काही राहिलंच नाही.”

ती हे टोचून बोलली नाही. तिच्या डोळ्यांत माझ्याबद्दल उपकाराची भावना होती. तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर मी तिथंच तिचे पाय धरले असते.

मी वही उघडली, पेन काढलं. म्हटलं, सांगा बाई, पुन्हा सांगा. मी खरं लिहितो.

ती आठवू लागली. खूप वेळ. चुलीवरची भाकरी करपली.

“नाही येत जी,” ती म्हणाली. “तुमीच वाचा ना. मागच्या सालासारखं.”

मी मागचं पान काढलं. तोच शब्द, खाली तिचा अंगठा. मला सगळं पाठ होतं. वर्षभर पाठ होतं.

मी तोंड उघडलं.

“निरंक,” मी वाचलं.

पुन्हा प्रयत्न केला. तुलाराम, हात, कातडी, नखं, हे शब्द मला माहीत होते, ते मनात ओळीनं उभे होते.

“निरंक.”

सखाबाईनं मान डोलवली.

एकशे आठला फोन मी केला, एवढं मात्र मी केलं. पत्ता सांगता आला. गाडी आली, मी भंडाऱ्यापर्यंत तुलारामसोबत गेलो. हात मनगटाच्या वर कापावा लागला. तरुण डॉक्टर माझ्यावर ओरडले की काही महिने आधी आणला असता तर बोटांवर भागलं असतं. दुखलं नाही का यांना, कुणाला सांगितलं नाही का? मी म्हणालो, सांगितलं होतं. ते म्हणाले, कुणाला?

वही माझ्या पिशवीतच राहिली. एजन्सीला पुरावा म्हणून पाठवीन असं मनात होतं. घरी येऊन ती दिवाणाखाली ठेवली.

पहिल्या दोन रात्री डोळा लागला नाही. तिसऱ्या रात्री मात्र छान झोप लागली. त्याच सकाळी मला घरात काहीतरी कमी वाटलं, आणि काय ते कळायला दुपार झाली. दोरीवर रुपाची पांढरी साडी होती, भुकटीनं काळी झालेली. रुपा ती तशीच उतरवून घड्या घालत होती. गप्प.

मी ओला टॉवेल पलंगावर टाकला. तिनं उचलून वाळत घातला. मी चपला घालून स्वयंपाकघरात गेलो. नळ सुरू ठेवून बाहेर आलो, पाणी मोरीतून अंगणापर्यंत आलं. तिनं पुसलं. पुसायला ती वाकली तेव्हा साडी वर सरकली आणि मला तिचा गुडघा दिसला. मडक्याएवढा, जांभळा, चमकणारा.

“रुपा, दुखतो का गं?”

“नाही जी,” ती म्हणाली आणि हसली. “काही नाही.”

मी दिवाणाखालची वही काढली. नवीन पानावर या महिन्याचा शब्द होता, शेपटीच्या र चा. खाली एकच अंगठा होता. शाईचा नाही, हळदीचा. माझी बायको बी.ए. आहे. बँकेत, शाळेत, कुठंही ती सही करते.

त्याला आता नऊ दिवस झाले. अहवाल पाठवायचा आहे, सगळं खरं लिहून, माझ्या नावासकट. म्हणून हे आधी इथं लिहून काढलं. सुरुवात केली तेव्हा छातीत खूप टोचत होतं. वर बघा, पहिल्या पानावर दोन-तीन ठिकाणी खाडाखोड आहे. पुढं पुढं अक्षर सुधारत गेलं आहे. रुपाला डॉक्टरकडेही न्यायचं आहे. उद्या नेईन. ती काही म्हणत नाही म्हणून घाई नाही.

आत्ता तिनं चहा आणून ठेवला. लिहिता लिहिता मी तो प्यालो. कप रिकामा झाल्यावर तळाशी बघितलं तेव्हा कळलं की त्यात मीठ होतं.