किटलीच्या पोटातली बाई

फोटोच्या धंद्यात चकचकीत वस्तूसारखी डोकेदुखी नाही. स्टीलची किटली समोर ठेवली की तिच्यात दिवे, छत, कॅमेरा, झालंच तर फोटो काढणारीचं नाकसुद्धा दिसतं. म्हणून फोटोवालीने त्या दिवशी स्टुडिओच्या खिडक्या काळ्या कापडाने बंद केल्या, किटलीभोवती पांढऱ्या कागदाचा तंबू उभारला आणि लेन्सपुरतं भोक ठेवलं. एका अंगाने निळा प्रकाश, दुसऱ्या अंगाने नारिंगी. विजेची साधी किटली, पण पहाटेच्या आभाळातून घडवल्यासारखी दिसू लागली.

मदतीला नणंद होती. किटलीच्या कंपनीचा साहेब मात्र खुर्चीत बसून सकाळपासून अक्कल शिकवत होता.

"अहो, मयताला बसल्यासारखा अंधार कशाला? झगमगाट हवा!"

फोटोवालीने दात आवळले आणि पहिला फोटो काढला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर चित्र उमटलं. किटलीच्या पोटात एक बाई उभी होती.

"वन्सं, बाजूला व्हा. तुम्ही दिसताय."

"मी तर तुमच्या मागे आहे, वहिनी."

तिने दिवे सरकवले, तंबूच्या फटी चिकटपट्टीने बुजवल्या. आता आत मुंगी शिरायलाही वाट नव्हती. दुसरा फोटो काढला. बाई तिथेच, पण आणखी जवळ. निळ्या प्रकाशात अर्धा चेहरा धड होता. नारिंगी बाजूचा... तो चेहरा म्हणावा असा राहिला नव्हता. खोलीत कसलातरी वास आला. मांस उकडल्यासारखा.

साहेब उठून पडद्याशी आला. त्याचा रंग उडाला.

"ही... ही इथे कशी?"

"ओळखता तुम्ही हिला?"

"पुसून टाका. कॉम्प्युटरवर होतं ना पुसता?"

"कोण आहे ही?"

साहेबाने रुमालाने कपाळ पुसलं. मग हळूहळू बाहेर आलं. गेल्या वर्षीची किटली. झाकण उडालं, उकळतं पाणी तोंडावर. घरी दोन लेकरं. आठवडाभर तडफडून गेली.

"पोलिसांना आम्ही लिहून दिलं, चूक तिचीच होती. निष्काळजीपणा."

"आणि झाकण? ते बदललंत?"

"रंग बदलला," तो म्हणाला. "खोकंही नवं केलंय."

फोटोवालीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हेच झाकण झळकावं म्हणून तिने सकाळपासून जीव आटवला होता! "तुम्हाला लाज नाही वाटत? माणूस मेलं, आणि तुम्ही खोकं रंगवताय? मी नाही पुसणार. ही किटली मी विकू देणार नाही. चालते व्हा!"

"तुम्ही कोण अडवणार? तुमच्यासारख्या छप्पन्न मिळतील. मीच पुसतो!" त्याने तंबू फाडला आणि किटली उचलून रुमालाने खसाखसा घासायला लागला.

दुसऱ्याच क्षणी तो किंचाळला. किटली खाली पडली. त्याचा तळहात लालबुंद झाला होता, बोटांवर टरटरून फोड आले होते. किटलीत पाण्याचा थेंब नव्हता. तिची वायर अजून खोक्यात गुंडाळलेली होती.

हात पोटाशी धरून तो जिना उतरत पळाला.

नणंदेने किटलीला भीत भीत बोट लावलं. "वहिनी... गार आहे. बर्फासारखी."

फोटोवालीने घाईने एक फोटो काढला. किटली स्वच्छ होती. तिच्या पोटात त्या दोघींखेरीज कुणीच नव्हतं.

दोघींनी खिडकीचं काळं कापड सारलं. खाली, लख्ख उन्हात, साहेब एकटाच गाडीत बसला. पुढचं दार लागलं. क्षणभराने मागचं दार उघडलं... आणि अगदी सावकाश लागलं.

"हाक मारायची का त्यांना?" नणंद कुजबुजली.

"नाही," फोटोवाली म्हणाली. तिचा राग अजून उतरला नव्हता.

गाडी निघाली. वळणापर्यंत दोघी बघत राहिल्या. गाडीची मागची काच आतून हळूहळू पांढरी होत गेली, वाफ धरावी तशी.