आलो, उतरा

पोरांनो, मोबाईल खिशात घाला आणि जवळ सरका. हे कुठं वाचलेलं नाही. फ्यूजबरोबर घडलेलं आहे, आणि फ्यूज माझा शाळेपासूनचा दोस्त. इलेक्ट्रिशियन, म्हणून हे नाव. थाप मारायचाही कंटाळा असलेला माणूस.

चौदा डिसेंबर, रविवार. त्याची आई इस्पितळात, डॉक्टरांनी हात टेकलेले. संध्याकाळी दीपगृहाच्या कचेरीतल्या साहेबांचा फोन आला. टोकावरच्या दीपगृहाचा दिवा बंद पडलाय आणि मासेमारीच्या होड्या बाहेर आहेत. त्या टोकापुढं पाण्याखाली खडकांची रांग आहे. शिडाच्या जमान्यापासून तिथं जहाजं फुटत आलीत, ओहोटीला अजून त्यांची लाकडं दिसतात. बहिणीला आईजवळ बसवून फ्यूज निघाला. तासाभराचं काम, दहापर्यंत येतो म्हणाला.

गाडीवाट संपली की तीन किलोमीटर पायी. थंडीत कुठून कुठून उडत आलेले हजारो पक्षी तिथं कड्यावर बसतात, माणूस मात्र औषधालाही नाही. फ्यूजचे वडील त्या दिव्यावरचे शेवटचे राखणदार. त्या लोकांची एक रीत होती. ड्युटी बदलायला येणारा जिन्याखालून ओरडणार, "आलो, उतरा." ती हाक आल्याशिवाय वरच्यानं दिवा सोडायचा नाही, मग ताप असो की वादळ. पुढं दिवा आपोआप चालायला लागला आणि कचेरीनं पत्र धाडून वडिलांना घरी बसवलं. आता हाक मारायला कोण येणार? बिचारे मरेपर्यंत रात्री दचकून उठायचे. मला कुणी उतरवलंच नाही, म्हणायचे. घरचे हसायचे. फ्यूजही हसायचा.

त्या रात्री साडेआठला तो जिन्याशी पोचला. काळोख मिट्ट, सोबतीला कुणी नाही. जिवाला आधार म्हणून आणि थोडी गंमत म्हणून त्यानं हाक मारली, "आलो, उतरा."

वरून पावलं आली.

सावकाश... एकेक पायरी. त्याच्या शेजारून खाली गेली. दार उघडलं. मिटलं.

वारा असेल, असं स्वतःला बजावत फ्यूज वर गेला. सुटलेली तार जोडली, दिवा लागला. हत्यारं आवरून तो तीन पायऱ्या उतरला. दिवा गेला. वर आला. लागला. तार ठीक. बॅटरी ठीक. पुन्हा उतरला. गेला.

सात वेळा.

मग त्याला कळलं. ड्युटी त्यानं घेतली होती.

बहिणीचा मेसेज आला, आई तुझं नाव घेतेय. समोर पाण्यावर होड्यांचे बारीक दिवे. तो उतरला तर त्या खडकावर. नाही उतरला तर... साठीला आलेला माणूस, तिथंच बसून रडला. वडिलांनी इथं अशा किती रात्री एकट्यानं काढल्या असतील, हे त्याला पहिल्यांदा कळलं.

बारा वाजले. दोन.

तीन वाजून दहा मिनिटं. खालचं दार वाजलं.

"आलो रे. उतर."

आवाज ओळखीचा. फ्यूज हललाच नाही.

"उतर बाळा. ती वाट बघतेय."

तो उतरला. जिन्यात कुणीतरी भिंतीला टेकून वाट दिली. त्यानं मान वर केली नाही. दिवा चालू राहिला.

पाचला इस्पितळात पोचला. आई जागी होती. म्हणाली, "हे बसले होते ना इथं. मघाशीच उठले. तुला पाठवतो म्हणाले." मुलाचा हात हातात घेऊन ती तासाभरात गेली.

तेव्हापासून तो दिवा एकदाही विझलेला नाही. कचेरीची माणसं दोनदा तपासायला गेली, तशीच परत आली. तिसऱ्यांदा फ्यूजलाच जा म्हणाले. तो गेला नाही. मी कारण विचारलं. तर म्हणाला, "खालून हाक मारली तर ते उतरतील रे. पण मग मला बसावं लागेल."

त्याला घर आहे, नातवंडं आहेत. पण त्या म्हाताऱ्याचा विचार आला की मला झोप लागत नाही.

दिव्याच्या खोलीचं दार आता उघडतच नाही. बाहेरून कुलूप नाही त्याला.

आतून कडी आहे.