तीन तासांवर तर आहे

हे मी लिहिणारच नव्हतो. दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं. पण विकिंतास माझा दोस्त, डब्लिनमध्ये आम्ही एकाच खोलीत राहतो, आणि त्याला हे कुणाला सांगता येत नाही... म्हणून मी सांगतो.

त्याच्या मायदेशी, कौनासच्या विमानतळावर, बॅगा वजन करायच्या रांगेत, त्याला स्काइस्ते भेटली. तिच्या आईनं काळ्या पावाची एवढी मोठी लादी कोंबली होती की बॅग दोन किलोनं जास्त भरली.

"अहो उंच... तुमच्या बॅगेत जागा आहे?"

"आहे. पण पाव परत मिळेल याची खात्री नाही."

"मग पावाच्या मागोमाग मीही येईन. बघा, परवडेल का!"

विमानात शेजारीच बसले. डब्लिनचं घड्याळ दोन तास मागं, म्हणून सहाला निघून तीन तास उडालेलं विमान सातलाच पोचतं.

"म्हणजे दोन तास फुकट," तो म्हणाला.

"परत जाताना कापून घेतात," ती म्हणाली... आणि हसली. गडी तिथंच गारद.

तिच्या वाढदिवसाला त्यानं ट्यूलिप आणले, दुकानात बांधून ठेवलेले डझनभर. तिनं मोजले, एक उपसला, त्याच्या खिशात खोचला.

"बारा घेऊन कबरीवर जातात, येड्या! जिवंत माणसाला विषम द्यायची असतात. मी जिवंत आहे ना?"

"जरा जास्तच!"

वर्षभरानं तिला तिकडं कौनासला, गावाकडच्या शाळेत नोकरी लागली. "चल ना तूही," ती म्हणाली.

"येतो गं. तीन तासांवर तर आहे."

इस्टर गेला, उन्हाळा गेला. अंतर दोन हजार किलोमीटरचं, पण याच्या तोंडी एकच — तीन तासांवर तर आहे. जवळचं असलं की माणूस उद्यावर ढकलतो.

सप्टेंबरात, एका मंगळवारी संध्याकाळी तिचा फोन आला. हृदयाची झडप खराब, शुक्रवारी ऑपरेशन.

"येशील?"

कौनासचं विमान मंगळवारी आणि शनिवारीच. मंगळवारचं गेलेलं. वॉर्सावरून जाता आलं असतं, पण अख्खा दिवस मोडला असता, तो कामाला होता त्या अळंबीच्या शेडवर रजेसाठी हातापाया पडावं लागलं असतं.

"शनिवारी येतो. काहीतरी विचारायचंय तुला..."

"आत्ता विचार."

"फोनवर नाही. समोर बसून."

"बरं... तीन तासांवर तर आहेस."

शुक्रवारी ऑपरेशन चालू असतानाच ती गेली.

शनिवारच्या विमानात मी त्याच्या शेजारी होतो. उतरल्यावर त्यानं घड्याळ दोन तास पुढं केलं. "कापून घेतले बघ," एवढंच बोलला.

स्मशानात त्याच्या हातात शेवंती होती. मी मोजली.

"विकिंतास... अकरा आहेत."

"माहितीय."

"लोक बघतायत रे."

"बघू देत. सम नाही देणार मी तिला."

तिच्या आईनं येऊन त्याच्या दंडावर हात ठेवला. मग त्यानं एक फूल उपसलं, स्वतःच्या खिशात खोचलं, आणि दहा खाली ठेवली.

"नोव्हेंबरात सगळे कबरींवर मेणबत्त्या लावायला येतील," तो म्हणाला. "तेव्हा मला परत मोजता नाही यायचं."

"फुलं मी मोजीन," मी त्याला वचन दिलं. "तिकिटंही आजच काढतो. तू नुसता चल."