पेन ड्राइव्ह कोणी पुसला?

"मावशी, यातले फोटो गेले. सगळेच्या सगळे!"

स्टुडिओचं शटर अजून अर्धंच वर गेलं होतं. त्याखालून वाकून एक तरुण मुलगी आत शिरली आणि काउंटरवर मूठ उघडली. मुठीत घामाने ओला झालेला काळा पेन ड्राइव्ह होता.

स्टुडिओच्या मालकिणीला अख्खी गल्ली भिंगमावशी म्हणायची. गळ्यात दोरीने अडकवलेलं भिंग आणि तोंडात तिखट जीभ. पासपोर्टचे फोटो काढायचे, फ्रेमा बसवायच्या आणि लोकांनी आपल्याच हाताने उडवलेले फोटो परत मिळवून द्यायचे, हा तिचा धंदा. समोरच्या मुलीला ती ओळखत होती. दोन महिन्यांपूर्वी हिचा नवरा नदीवरच्या कड्यावरून पडून गेला. आईबापांचा एकुलता एक, लग्नाला जेमतेम चार वर्षं. देवाला तरी काय म्हणावं!

"आधी बस. पाणी पी. मग सांग."

"घरातले सगळे फोटो यातच असायचे. कॅमेऱ्यातून ड्राइव्हवर घ्यायचे आणि लगेच कार्ड रिकामं करायचं, ही त्याची शिस्त. त्याचा कॅमेरा उघडायचा धीर मला परवा कुठे झाला. त्या शेवटच्या दिवसाचे फोटो होते त्यात. मी न बघताच ड्राइव्हवर घेतले."

"आणि कार्ड रिकामं केलंस."

"त्याच्यासारखंच. रात्री जेवताना म्हटलं, उद्या दुपारी सगळे मिळून टीव्हीवर बघू. ड्राइव्ह टीव्हीपाशीच ठेवला. काल दुपारी लावला, तर आत काही नाही. आई म्हणतात मीच पुसले. घरात कॉम्प्युटर मला एकटीलाच येतो ना! म्हणाल्या, तुला त्याची आठवणही नकोय, आज संध्याकाळपर्यंत माहेरी निघून जा."

"आणि सासरे?"

"बाबा गप्पच. ते गेले दोन महिने बोलतच नाहीत."

"काल सकाळी घरात कोण होतं?"

"आई फिरायला गेल्या होत्या. मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. बाबा पेपर वाचत होते. मी खाली आले तेव्हा टीव्ही चालू होता. आवाज नाही, चित्र नाही, नुसता निळा पडदा. मीच बंद केला."

"बाबांना विचारलंस?"

"त्यांना काय विचारणार? रिमोटचं लाल बटण सोडलं तर त्यांना दुसरं ठाऊक नाही."

मावशीने ड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला. आत एकच फोल्डर होतं, तेही रिकामं. नाव 'रेकॉर्डिंग'.

"हे तू केलंस?"

"नाही बाई. हे कुठून आलं?"

"टीव्हीखाली सेट-टॉप बॉक्स आहे का तुमच्याकडे?"

"आहे. का?"

"सहज. ह्यात नंतर काही नवीन भरलं नाहीस ना? मग डोळे पूस. अनुक्रमणिका फाडली म्हणून पुस्तकाची पानं जात नाहीत."

दीड तास लागला. मग पडद्यावर फोटो उमटायला लागले. तो सायकलवर, तो झोपलेला, तो बायकोच्या केसाला लागलेला रंग दाखवून हसतोय. पुष्कळ फोटोंच्या कोपऱ्यात गुलाबी धुरकट डाग होता.

"हे बाबांनी काढलेले," सून रडता रडता हसली. "त्यांचा अंगठा मध्ये येतोच. तो चिडवायचा, 'बाबा, सही झाली का?'"

"त्या दिवशी कड्यावर कोण कोण होतं?"

"दोघंच गेले होते. बाबा खाली गाडीत बसून होते, हा एकटाच वर गेला."

"आणि कॅमेरा?"

"बाबांनी तेवढा परत आणला."

"फुटलाय कुठे?"

"छे, ओरखडासुद्धा नाही."

मावशीने तिला बाहेर बाकावर बसायला सांगितलं. शेवटचा फोटो तिने एकटीने पाहिला, भिंग लावून, चारही कोपऱ्यांसकट. तिला स्वतःच्या धंद्याचा राग आला.

दुपारी दोघी घरी गेल्या. सासूने दारातच विचारलं, "हिची वकिली करायला आलात?"

"फोटो द्यायला आले. चारशे बारा आहेत. एकही गेला नाही."

सासू मटकन खुर्चीत बसली. सासरे खिडकीपाशी होते. त्यांनी मान वळवली नाही.

"पण आधी ऐका," मावशी म्हणाली. "पुसले ते हिने नाही. कॉम्प्युटरवर पुसले असते तर मागे नुसता रिकामा ड्राइव्ह उरला असता. यात 'रेकॉर्डिंग' नावाचं फोल्डर निघालं. ते हा टीव्हीखालचा डबा तयार करतो. ड्राइव्ह टीव्हीच्या बाजूला लावला की फोटो दिसतात. या डब्याला लावला की निळ्या पडद्यावर प्रश्न येतो, रेकॉर्डिंगसाठी जागा तयार करू का? हो म्हटलं की सगळं साफ! हिला कुठे लावायचा ते पाठ आहे. ही चूक ज्याने नेहमी लांबून बघितलं आणि स्वतः कधी लावला नाही, त्याची."

सासू तर सकाळी घरात नव्हती. तिने नवऱ्याकडे पाहिलं. "अहो?"

"इंग्रजीत काहीतरी विचारलं त्याने," सासरे म्हणाले. "मी ओके दाबलं."

"पण तुम्ही लावलातच कशाला?"

इथेच थांबलं तर चुकून झालं म्हणून निभावून जाईल, असं मावशीच्या मनात आलं. तेवढ्यात म्हातारे तिच्याकडे वळले. "तुम्ही पाहिलाय तो. सांगून टाका, बाई. माझ्याच्याने होत नाही."

मावशीचा आवाज खाली आला. "माणूस एवढ्या उंचीवरून गेला आणि कॅमेऱ्याला ओरखडा नाही. म्हणजे कॅमेरा त्याच्याकडे नव्हता. शेवटचा फोटो कड्याच्या टोकावरचा आहे. त्यात तो एकटा उभा आहे आणि कोपऱ्यात अंगठा आहे. तुम्ही गाडीत नव्हता. तुम्ही त्याच्यासमोर होता."

"मला तो एकच काढून टाकायचा होता," सासरे म्हणाले. "बाकीचे नाही हो! मीच म्हटलं त्याला, जरा मागे हो, पाय येत नाहीत फोटोत. झाला तो मागे. मी बटण दाबलं. म्हटलं, अजून थोडा. डोळ्यावरून कॅमेरा काढला तर समोर नुसतं आभाळ."



"आणि पोरीवर आळ आला तेव्हा मूग गिळून बसलात?" मावशीला राहवलं नाही.

"हो." ते सुनेकडे वळले. "तुला बॅग भरताना बघितलं मी. तोंड उघडलं, शब्द फुटेना. मला माफ करू नकोस, पोरी."

सासूने सुनेचा हात घट्ट धरला आणि बराच वेळ सोडला नाही. "चुकले गं मी," एवढंच तिला बोलता आलं. मग ती मावशीला म्हणाली, "दाखवा तो फोटो."

"नको," सासरे ओरडले. "नको बघूस!"

मावशीने पिशवीतून लॅपटॉप काढून सासूसमोर ठेवला. तिने पाहिलं. पडद्यावरून लेकाच्या गालावर बोट फिरवलं.

"अहो, इकडे या."

ते भिंतीला टेकून मान हलवत राहिले.

"या म्हणते ना!" ती उठली, नवऱ्याला दंडाला धरून आणलं आणि खुर्चीत बसवलं. "बघा तरी. घाबरलेला नाहीये तो. तुमच्याकडे बघून हसतोय."

दोन महिन्यांत पहिल्यांदाच ते मोठ्याने रडले. सून उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसली.