मामंजी ऊन खात नाहीत

त्या अंधाऱ्या खोलीत ती रोज तीसेक माणसांना एकच प्रश्न विचारायची, आणि आजवर कुणी त्याचं उत्तर लाजत दिलं नव्हतं.

"ही काच बरी, की मघाची?"

"मघाची…" खुर्चीतला माणूस म्हणाला. मग जरा थांबून, "नाही… परत एकदा दाखवता?"

तिने काच बदलली. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासण्याचं तिचं काम. "आता?"

"आता दोन्ही छान वाटतायत. तुम्ही अजून दोन-तीनदा विचारा."

"बाहेर चार जण खोळंबलेत हो."

"खोळंबू देत की. त्यांना कुठे कुणी इतक्या प्रेमाने विचारतंय?"

हसू यायला नको होतं, पण आलं. बरं तर बरं, खोलीत अंधार होता. त्याच्या हातांना ओल्या शेवाळाचा वास येत होता. फॉर्मवर कामाच्या रकान्यात काय लिहू, म्हणून तिने विचारलं.

"लोकांचे फिशटँक साफ करतो. घरी, ऑफिसात, दवाखान्यात. माशांचा घरगडी म्हणा."

"कासवांचं कळतं?"

"माशांपेक्षा बरं. कासव निदान तोंड वर काढून बघतं तरी."

कासव तसं तिचं नव्हतंच, दादाचं होतं. लग्न झाल्यावर 'दोन महिने सांभाळ' म्हणून तो ठेवून गेला, त्याला तीन वर्षं झाली. वहिनीला घरात पाण्याचा एक थेंब सांडलेला खपत नाही, हे एव्हाना सगळ्यांना कळून चुकलं होतं. पाण्यातून मान काढून ते कासव तिच्याकडे अशा काही नापसंतीने बघायचं की आईने एकदा त्याचं बारसंच केलं. "लग्नाला नाही म्हणतेस, आणि घरात सासरा आणून ठेवलायस!" तेव्हापासून ते मामंजी.

शनिवारी दुपारी टँकवाला घरी आला. काचेपाशी वाकून म्हणाला, "नमस्कार, मामंजी." मग तिच्याकडे वळून, अगदी गंभीर चेहऱ्याने, "यांचे चिरंजीव कुठे असतात?"

"शोधतेय," ती बोलून गेली, आणि मग तिने जीभ चावली. तोवर त्याचे कान लाल झालेले तिने बघून घेतले होते.

दुखणं असं होतं. जुन्या घरी खिडकीत ऊन यायचं, मामंजी दगडावर चढून तासन् तास शेकत बसायचे. दोन महिन्यांपूर्वी ती घर बदलून इथे आली, आणि या घरी ऊन नव्हतं. तेव्हापासून ते पाण्याबाहेर आलेच नव्हते. कासवाला रोज काही तास कोरडं होऊन शेकायला लागतं, नाहीतर पाठ मऊ पडते, असं तो म्हणाला. त्याने गुळगुळीत दगड काढून टाकला आणि नखं रुतावीत अशी खरखरीत फरशी उतरती बसवली. तिच्यावर उन्हासारखा उजेड देणारा दिवा टांगला. पाणी मुद्दाम थोडं गार ठेवायला सांगितलं, म्हणजे वरची ऊब हवीशी वाटेल.

"आणि टक लावून बघायचं नाही. कुणी बघत असलं की ही मंडळी चढत नाहीत."

"मग चढले, हे कळणार कसं?"

तिने पर्समधून हातआरसा काढला. दोघं टँककडे पाठ करून जमिनीवर बसली आणि आरशातून बघू लागली. आरसा होता तळहाताएवढा. त्यात टँक दोघांनाही दिसायचा तर डोक्याला डोकं लावूनच बसायला हवं होतं.

"हलू नका," तो कुजबुजला.

"मी कुठे हलतेय?"

"श्वास जोरात घेताय…"

"मोजताय वाटतं?"

"मग… दुसरं काय काम आहे इथे मला?"

मामंजी काही चढले नाहीत. पुढच्या शनिवारी नाहीत, त्याच्या पुढच्याही नाहीत. इतकं सुखाचं अपयश तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

मग बुधवारी, सुट्टीच्या दिवशी, ती केस पुसत बाहेर आली आणि जागीच थांबली. मामंजी फरशीवर होते. मान ताणलेली, डोळे मिटलेले, मागचे दोन्ही पाय ऐटीत पसरलेले. काय देखणे दिसत होते! आणि मग तिच्या लक्षात आलं. काम झालं होतं. काम झाल्यावर माणूस कशाला येतो?

त्याला कळवायला तिने फोन उचलला… आणि ठेवून दिला. शुक्रवारी संध्याकाळी तिने फरशी जरा खाली सरकवली. फार नाही, दोन बोटं. फरशीचं वरचं टोक जेमतेम पाण्याखाली गेलं, बघणाऱ्याला फरक कळू नये इतपतच.

"कमाल आहे," शनिवारी तो डोकं खाजवत म्हणाला, आणि संध्याकाळ होईपर्यंत थांबला.

सुरुवातीला फरशी फक्त शुक्रवारी खाली जायची, रविवारी परत वर यायची. पण तो आता अधूनमधून मंगळवारीही डोकावू लागला, तेव्हा ती खालीच राहिली. कोरडी जागाच नव्हती, मग दिवाही तो घरात असेपर्यंतच लागायचा. ती स्वतःची समजूत घालायची, मामंजींनी आधी दोन महिने काढलेच होते ना, अजून चार दिवसांनी काय बिघडतंय? आपण हे वाईट करतोय हे तिला पक्कं ठाऊक होतं. शनिवारी बेल वाजली की ते सोयीस्कर विसरायला व्हायचं, एवढंच.

"मी दोन गिऱ्हाइकांना त्यांची कासवं घ्यायला नाही म्हणून सांगितलं," एकदा तो चहाचा कप हातात नुसताच धरून म्हणाला. "इथे एक जमत नाहीये, त्यांची कुठे वाट लावू?"

त्या वेळी बोलायला हवं होतं. ती म्हणाली, "बिस्किट घ्या ना."

दहाव्या शनिवारी मामंजींच्या पापण्या सुजल्या होत्या. डोळ्यांचंच काम तिचं, तिला ते सकाळीच दिसलं होतं. त्याने त्यांना उचलून पाठीवर अंगठा दाबला. पाठ दबली. तो तसाच खाली बसला.

"माझ्यामुळे झालं हे."

"नाही हो…"

"माझ्यामुळेच. प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवा, असं मी कधीच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, कारण मग माझं येणं संपलं असतं." मामंजींकडे बघतच तो पुढे बोलत राहिला. "आणि मी एक वेडेपणा ठरवून बसलो होतो. मामंजी ज्या दिवशी वर चढतील, त्याच दिवशी तुम्हाला विचारायचं. माझ्याशी… लग्न कराल का, म्हणून."

तिला वाटलं, गप्प बसावं. आजार बरा होईल, त्याला कधी कळणारही नाही. ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला ते हाताशी आलं होतं. पण तो स्वतःच्याच अंगठ्याकडे असा बघत होता, जणू त्या अंगठ्यानेच गुन्हा केलाय. तिला ते सोसवेना.

"ते चढले होते," ती म्हणाली. "तिसऱ्या शनिवारनंतरच्या बुधवारी. फरशी मीच खाली केली. दिवाही… मीच बंद ठेवायचे."

"का?"

"तुम्ही यावं म्हणून."

त्याने मामंजींना मांडीवर घेतलं. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"नुसतं या म्हटलं असतं तरी आलो असतो," तो म्हणाला. "घरी जाऊन दर शनिवारी मी स्वतःला शिव्या घालत होतो. आपल्याला आपलं कामच येत नाही, असं वाटायला लागलं होतं मला."

त्याने बादलीत ओलं फडकं अंथरलं, मामंजींना त्यावर ठेवलं. ती चपला शोधू लागली. "मी पण येते डॉक्टरकडे."

"नको."

दोन महिन्यांनी, दुकानात दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात, तिच्या फोनवर एक फोटो आला. परक्या टँकमध्ये, परक्या फरशीवर, मामंजी पाय पसरून पहुडले होते. खाली एक ओळ. 'पाठ कडक झाली. आता रोज चढतात.'

तिने लिहिलं, 'ते चढले की विचारणार होतात ना?'

'हो.'

'मी हो म्हणाले असते. अजूनही म्हणेन.'

तो लिहितोय असं दिसायचं, थांबायचं, पुन्हा दिसायचं. बाहेरून कुणीतरी दोनदा खाकरलं, तरी ती उठली नाही.

'माहितीय,' अखेर उत्तर आलं. 'आणि मी रोज वाकून बघत बसेन, फरशी जागेवर आहे ना. तसं नाही जगता येणार मला. मामंजी माझ्याकडेच राहू देत.'

'ठेवा,' तिने लिहिलं. त्याच्यापाशी दुसरं काही मागायला तिला तोंड उरलं नव्हतं.