अकरा ट्रॉल्या वाघेरी

वाघेरी नगरपरिषदेच्या मैलाशुद्धीकरण केंद्राची प्रयोगशाळा म्हणजे दोन टेबलं, एक सूक्ष्मदर्शक आणि सताड उघडी खिडकी. गाळगणना अधिकारी डॉ. फातिमा मुजावर नाकाला रुमाल न लावता आत आल्या, तेव्हाच केंद्रप्रमुख निलांबरी गुरवनं त्यांना मनातल्या मनात शंभरपैकी ऐंशी गुण देऊन टाकले.

घरोघर फिरून होणारी शिरगणती सरकारनं सहा वर्षांपूर्वी बंद केली होती. सवलती डोक्यांवर मिळतात म्हटल्यावर लोकांनी एकच आजोबा तीन-तीन गावांत राहायला ठेवले होते, आणि त्यांतले निम्मे आजोबा केव्हाच वारलेले.

"तोंडाला विचारलं की थापा ऐकाव्या लागतात," पेटीतून ठसावाचक यंत्र काढत डॉ. मुजावर म्हणाल्या. "म्हणून आम्ही दुसऱ्या टोकाला विचारतो."

"महिन्याभराच्या गाळाचं नुसतं वजन करून?"

"वजन आणि ठसा. एका गावचं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं की तिथल्या लोकांच्या आतड्यांतल्या सूक्ष्मजीवांची घडण सारखी होते. तो गावठसा. माणूस परगावी दिवस काढून आला, तरी त्याचा ठसा त्याच्या गावाचाच."

"मग परका ठसा सापडला तर?"

"थोडाफार सगळीकडेच असतो. पाहुणे, बाजारकरी. तो सोडून देतो. दहाव्या हिश्श्यावर गेला, तर मात्र पूर्ण उलगडून ज्याच्या त्याच्या गावाच्या नावावर घालतो."

"आणि कोणी शेण मिसळलं?"

"वगळतो. मागच्या खेपेला एका गावानं चक्क सर्कस मुक्कामाला बोलावली होती. हत्ती वगळले. विदूषकही वगळले."

निलांबरी हसली खरी, पण तिचं चित्त आकड्यात होतं. पन्नास हजारांची वेस ओलांडणाऱ्या गावाला प्रसूती रुग्णालय मिळणार होतं. तयार भिंतींचं, चाळीस दिवसांत उभं राहणारं. तालुक्यात एकच, आणि नऊ किलोमीटरवरचं मोहतळेही टपलेलं. तिच्या बहिणीचं, मंजिरीचं, पहिलं बाळ घाट उतरताना जीपमध्येच गेलं होतं. आता मंजिरीला पुन्हा सहावा महिना होता.

निलांबरी पंधरा दिवसांच्या प्रशिक्षणाहून कालच परतली होती. डॉ. मुजावरांना घेऊन ती कोठारात गेली आणि दारातच थबकली. सुकवलेल्या गाळाच्या पाच कप्प्यांपैकी पाचवा इतका स्वच्छ होता की तिथं पंगत बसवावी.

"हैबतीकाका, गाळ कुठं गेला?"

हैबती शेडगे केंद्रावरचे सर्वांत जुने कामगार. मागेल त्याला ट्रॉलीभर गाळ द्यायचा, हा त्यांचा तीस वर्षांचा रिवाज.

"मोहतळ्याचे उत्तमशेठ आलते, मॅडम. नगराध्यक्ष, पण स्वतः! म्हणाले, बागेला खत पाहिजे, वाघेरीसारखा गाळ आमच्यात होत नाही." काकांची छाती अजून फुगलेली होती. "मोहतळेवाला आपल्यापुढं हात पसरतोय, हे बघायला माझा बाप पाहिजे होता. दिल्या अकरा ट्रॉल्या."

"अकरा ट्रॉल्या नाही, काका. अकरा हजार माणसं दिलीत तुम्ही."

काकांची छाती बसली ती बसलीच.

यंत्रानं वाघेरीचा आकडा दिला: छत्तीस हजार नऊशे. त्या रात्री निलांबरीनं मंजिरीचा फोन उचलला नाही.

दुसऱ्या दिवशी तहसील कचेरीत निकाल होता. उत्तमशेठ ढमाले पेढ्यांचे खोके घेऊनच आले. "घ्या, गुरवबाई. हरलेल्यांचंही तोंड गोड करतो आम्ही."

डॉ. मुजावर वाचू लागल्या. "मोहतळ्याच्या कोठारात एकूण गाळ त्रेसष्ट हजार चारशे माणसांचा." टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या थांबल्या, चष्मा पुसला. "पैकी मोहतळ्याचा ठसा एकोणपन्नास हजार. परका ठसा दहाव्या हिश्श्यावर गेल्यामुळे पूर्ण उलगडला. ती चौदा हजार चारशे माणसं वाघेरीची. म्हणून वाघेरीची लोकसंख्या एक्कावन्न हजार तीनशे."

"अहो, पण गाळ आमच्या कोठारात आहे!" उत्तमशेठ उसळले. "आमच्या ट्रॅक्टरनं आणलाय!"

"बागेला नेलता ना, शेठ?" मागून हैबतीकाका म्हणाले. कचेरी हसून लोळायची बाकी राहिली.

"कोठार तुमचं," डॉ. मुजावर शांतपणे म्हणाल्या, "माणसं त्यांची."

निलांबरी मात्र हिशेबात अडकली होती. ट्रॉल्यांतून गेलेली माणसं अकरा हजार. मग वरची तीन हजार चारशे कुठली? आणि एकदम तिच्या डोक्यात उजेड पडला. सकाळी आठच्या बसनं मोहतळ्याच्या सूतगिरणीत जाणारी वाघेरीची माणसं! त्यांचा ठसा रोज तिथंच पडत होता. एरवी तो दहाव्या हिश्श्याच्या आत राहून सोडून दिला गेला असता, आणि गाळ जागेवर असता तरी वाघेरी अडकली असती सत्तेचाळीस हजार नऊशेवर. उत्तमशेठनी अकरा ट्रॉल्या ओतल्या, म्हणून यंत्रानं मोहतळ्यात वाघेरी शोधली.

तिनं तिथूनच मंजिरीला फोन लावला. "मंजू, घाट उतरायचा नाही आता," एवढंच बोलली आणि पलीकडचं रडणं ऐकत उभी राहिली.

फोन ठेवला, तर उत्तमशेठ शेजारी. आवाज एकदम खाली आलेला. "गुरवबाई, आमच्या सुनेला पाचवा लागलाय. वाघेरीत नाव नोंदवायचं कसं?"

"कसं म्हणजे? हक्कच आहे तुमचा," निलांबरी म्हणाली. "रुग्णालय तुम्हीच तर मिळवून दिलंत. पहिलं नाव तुमच्या सुनेचं घालते, शेठ. दुसरं आमच्या मंजिरीचं."