हरणाच्या तोंडातली डहाळी

हरीण सापडलं ते वासावरून. पोटात गोळी आरपार, अंग फुगलेलं, डोळ्यांत अळ्या. त्सिरिलने झाडाआड जाऊन सकाळचा नाश्ता ओकून टाकला. निवेस मात्र नाकाला रुमाल लावून त्या सडक्या तोंडात डोकावत राहिली. दातांमध्ये एक डहाळी होती, वाळून तांबूस झालेली.

"शेवटचा घास दिलाय याला," ती म्हणाली.

"रीतच आहे की. मेलेल्या जनावराच्या तोंडात मारणारा डहाळी ठेवतोच," त्सिरिल तोंड पुसत म्हणाला.

निवेस खासगी तपासाची कामं करायची. त्सिरिल हा तिचा मेहुणा, निवृत्त पोस्टमास्तर. डोक्याने जरा संथ, पण गाडी चांगली चालवायचा. श्पेला नावाची मुलगी तिच्याकडे रडत आली होती. तिचे वडील यर्नेय, लाकडाच्या गिरणीतले जुने कामगार. हरीण त्यांनीच घायाळ करून सोडून दिलं, असा गावच्या शिकारी मंडळाचा आरोप होता. रविवारी सभेत त्यांना काढून टाकणार होते. जनावराला तडफडत ठेवणारा माणूस, हा शिक्का बसला की या गावात कोणी शेजारीसुद्धा बसत नाही. बाबा जेवत नाहीत, एवढंच श्पेला पुन्हा पुन्हा सांगत होती.

त्या संध्याकाळी रानात चौघेच होते आणि गोळीचे आवाज दोन झाले होते. एक गोळी यर्नेयची, तिने रानडुकराच्या काळजाचा वेध घेतला होता. दुसरी कोणीच कबूल करेना. रानात हरणाचं रक्त दिसलं, तेव्हा दुसरीही यर्नेयचीच ठरवून मंडळाने त्याची स्वस्तातली बंदूक मंडळाच्या घरातल्या कपाटात ठेवली. किल्ली सगळ्यांसमोर भिंतीवरच्या शिंगाला टांगलेली असायची. आठवड्याने बंदूक चालवून पाहिली, तर पाच गोळ्या निशाणाच्या फळीवर ताटाएवढ्या जागेत पसरल्या. झालं, हरणाला चुकार गोळी याच बंदुकीची लागली, असा निकाल लागला.

रविवारी सभेआधी निवेसने उरलेल्या तिघांना एकेक करून गाठलं. प्रश्न एकच होता: स्वस्त बंदुकीचा नेम चांगला लागू शकतो का?

मंडळाचे प्रमुख वेकोस्लाव हसले. स्वस्त ते भंगार, यर्नेयला मी वर्षानुवर्षं सांगतोय, म्हणाले. रानडुक्कर म्हणजे आंधळ्याला लागलेला मटका होता, असंही वर म्हणाले.

दातांचे डॉक्टर ग्रेगोर यांच्या मते महागडी दुर्बीण बसवली की काम भागतं. ते मेलेलं हरीण त्यांच्या व्हिएन्नाच्या पाहुण्यासाठी राखलेलं होतं. दुसऱ्या कोणी ते मारलं तर त्याचं सभासदत्व जाणार होतं. त्यामुळे डॉक्टर आधीच तापलेले होते.

तिसरा टिने, यर्नेयचा लहानपणापासूनचा मित्र. त्याचे डोळे भरून आले.

"त्या बंदुकीला नावं ठेवू नका, बाई. मी आणि यर्नेयने मिळून तिच्या दस्त्याचं लाकूड आतून घासलंय. नळी लाकडाला टेकता कामा नये. मधून कागद सुळकन सरकला पाहिजे. तिच्या तीन गोळ्यांची भोकं मी एका नाण्याखाली झाकलीत."

"असा मित्र हवा," बाहेर आल्यावर त्सिरिल म्हणाला.

सभेत तिने बंदूक टेबलावर घेतली. वर्तमानपत्राची पट्टी नळी आणि लाकूड यांच्यामध्ये सरकवली. पट्टी अर्ध्यावर अडली. तिने खालचे दोन स्क्रू काढून लाकूड वेगळं केलं. आत काडीपेटीची मोडलेली काडी घट्ट बसवलेली होती.

"नळी तापली की या काडीवर रेलते आणि गोळ्या फाकतात," निवेस म्हणाली. "रानडुक्कर पडलं तेव्हा ही काडी नव्हती. बंदूक कपाटात आल्यावर कोणीतरी घातली."

"किल्ली तर सगळ्यांनाच मिळते," वेकोस्लाव म्हणाले.

"मिळते. पण भंगार बंदूक बिघडवायला कोण जाईल? तुम्ही तिला भंगार समजता. डॉक्टरांना दुर्बिणीपलीकडे काही ठाऊक नाही. ती आपोआपच चुकेल, अशी तुमची दोघांची खात्री होती. भीती एकालाच होती. ती चुकणार नाही, हे ज्याला माहीत होतं त्याला."

सगळे टिनेकडे वळले. त्सिरिलचं तोंड उघडंच राहिलं.

"आणि ती डहाळी," निवेस पुढे म्हणाली. तिचा आवाज आता किळसेने जड झाला होता. "मारणारा हरणापर्यंत पोचला होता. ते पाहुण्यासाठी राखलेलं हरीण आहे, हे त्याने पाहिलं. टोपी काढली, घास दिला. मग ते माश्यांच्या हवाली करून घरी जाऊन जेवला."

टिने पुटपुटला, "अंधारात दुसरंच समजून गोळी घातली. सकाळी सापडलं तेव्हा ते मेलेलं होतं. घास तरी दिला मी. मी काही जनावर नाही."

वेकोस्लावनी मान खाली घालून यर्नेयची माफी मागितली आणि बंदूक त्याच्यापुढे सरकवली.

यर्नेयने ती उचलली नाही. खिशातून रुमाल काढला आणि दोघांनी मिळून घासलेलं ते लाकूड टोकापासून टोकापर्यंत पुसलं. दोनदा पुसलं. मग रुमाल शेगडीत टाकला.

"श्पेला," तो दाराशी उभ्या मुलीला म्हणाला, "घरी चल. भूक लागली आहे."

बंदूक टेबलावरच राहिली.